स्वस्तातली खोली

३ फेब्रुवारी, मंगळवार

ताईने आज सांगितलं. म्हणजे समोर बसवून नाही, भांडी घासता घासता पाठमोरी बोलली. "बाळाला स्वतःचा कोपरा लागेल ना गं आता." ताईचं घर म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकघर. दोन वर्षं मी जिथे गादी टाकते तोच बाळाचा कोपरा, कारण दुसरा कोपराच नाही. मी म्हटलं, "हो, मी बघतेच आहे." भावजी पेपर वाचत होते. बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही.

बाळ एप्रिलमध्ये येईल. ताईवर राग नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

आज तीन बघितल्या. पहिली खोली नव्हतीच, काचा लावून बंद केलेली गॅलरी होती. एजंट म्हणाला, "हवा भरपूर." होती हवा, फटीफटीतून. दुसरीकडे घरमालकिणीने आधी माझ्याकडे, मग माझ्या चपलांकडे बघितलं आणि विचारलं, लग्न कधी करणार. मी म्हटलं अजून ठरलं नाही. "मग ठरल्यावर या." तिसरी छान होती. तिचं भाडं ऐकून मी म्हटलं, "घरी विचारून सांगते." जसं काही विचारायला घर आहे!

१५ फेब्रुवारी, रविवार

एका खोलीसाठी जिन्यात रांग. मी पहिल्या मजल्यावर, दार चौथ्यावर. पुढे एक जोडपं होतं, त्याच्या हातात पगाराच्या कागदांची फाइल, तिच्या हातात त्याचा हात. मागची मुलगी फोनवर कुणाला तरी सांगत होती, "सांगितलंय त्याच्यापेक्षा जास्त देऊ म्हणावं." मी दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत वरून निरोप आला, गेली. सगळे उलटे फिरलो. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

आज दातांच्या लॅबमध्ये संध्याकाळी जादा काम होतं, तिथे भट्टीवाल्याला सांगितलं. मी मेणाचे दात कोरते, तो चिनीमातीचे भाजतो, शेजारी शेजारी बसतो आम्ही. म्हणाला, "रोज तीस लोकांच्या तोंडातली रिकामी जागा भरतो आपण. आणि आपल्याला कुठे जागा नाही." हसले. मग हातातली मेणाची दाढ मोडली.

२२ फेब्रुवारी, रविवार

मिळाली! औषधाच्या दुकानाच्या फळ्यावर कागद होता : एकट्या मुलीसाठी खोली, ज्येष्ठ महिलेची सोबत. भाडं वाचून वाटलं एखादा आकडा लिहायचा राहिलाय. पण खरंच तेवढंच.

तिसरा मजला. घर एका म्हाताऱ्या बाईंचं. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या, अजून सगळे त्यांना 'बाई'च म्हणतात. दाखवायला त्यांचा पुतण्या आला होता. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ल्यांचा जुडगा, बोलणं साखरेसारखं. बाई खुर्चीतून उठल्या नाहीत. एकच प्रश्न विचारला.

"झोपेत बोलतेस?"

"माहीत नाही. एकटीच झोपते."

"मग मला कळेल."

परत निघताना पुतण्या जिन्यात थांबला. म्हणाला करार, कागद वगैरे नको, घरचीच आहेस, मला दादा म्हण. भाडं त्याच्याकडे द्यायचं. "बदल्यात एवढंच कर. काकूचं डोकं हल्ली जागेवर नसतं. गॅस उघडा ठेवते, काय वाटेल ते करते. तुला काही दिसलं की लिहून ठेव, तारीख घालून. डॉक्टरांना लागतं. तिला दाखवू नकोस, बिचारीला वाईट वाटेल." आणि एक कोरी निळी वही दिली.

भला माणूस वाटला. वही लिहिणं काय कठीण आहे मला? असंही रोज लिहितेच.

१ मार्च, रविवार

आले. दोन बॅगा, एक गादी, एक टेबललॅम्प. भावजींनी सामान वर चढवून दिलं आणि दोनदा म्हणाले, "काही लागलं तर सांग हं." दोन्ही वेळा सुटका झाल्यासारखे हसले.

खोलीत बाईंचं शिवणयंत्र झाकून ठेवलंय, ते तिथेच राहणार. खिडकी पूर्वेला. सगळं छान, फक्त दाराला आतून कडी नाही. स्क्रूची चार भोकं आहेत. विचारलं तर बाई म्हणाल्या, "पुतण्याने काढली. म्हणाला मी आत अडकेन." आणि जरा थांबून, "या खोलीत मी तीस वर्षं शिवत बसले. कधी अडकले नाही."

दाराला खुर्ची लावलीय.

५ मार्च, गुरुवार

सहाला घरी आले तर दारातच गॅसचा वास. बाई बाहेरच्या खोलीत शांतपणे जुनी शिवण उसवत बसलेल्या. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. धावले, शेगडीचं बटण थोडंसं फिरलेलं होतं. खिडक्या उघडल्या.

बाई म्हणाल्या, "मी दुपारी बंद केलाय. मला आठवतंय."

"वास आला नाही तुम्हाला?"

"मागच्या आजारपणात नाक गेलं ते गेलंच. कान आहेत अजून."

विसरणारी माणसं 'आठवतंय' असंच म्हणतात. वहीत पहिली नोंद केली. टेबलावर सफरचंदं होती, दादा दुपारी येऊन गेले असणार. एक खाल्लं. किती दिवसांनी फळ खाल्लं.

११ मार्च, बुधवार

बाई माझ्या खोलीत येतात! लॅबच्या एप्रनचा खिसा महिनाभर फाटलेला होता. आज घातला तर शिवलेला, टाका शोधूनही सापडत नाही असा. म्हणजे मी नसताना माझ्या वस्तूंना हात लावतात. आणखी काय काय बघतात कोण जाणे. वहीत लिहिलं : न विचारता खोलीत शिरल्या, सामान हाताळलं.

खिसा मात्र झकास झालाय. त्यात आता कोरण्याची सगळी हत्यारं मावतात.

१९ मार्च, गुरुवार

दादा लॅबच्या फाटकाशी उभे होते. वहीची पानं फोनवर काढून घेतली. "एवढंच? नीट बघत जा जरा." मग ताईची चौकशी केली. मी म्हटलं बाळंतपण जवळ आलंय, खर्चाची ओढाताण आहे. ते फार सहानुभूतीने ऐकत होते. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुला सांगणार नव्हतो. आधीची मुलगी का गेली माहितीये? काकू तिच्या अंगावर कात्री घेऊन धावली."

मी फाटकाचा गज धरला.

"घाबरू नकोस. लिहीत राहा. खोलीसाठी मला रोज दहा फोन येतात, मी सगळ्यांना सांगतो, आमची मुलगी चांगली आहे."

घरी आल्यावर खुर्चीवर एक बॅगही ठेवली.

२१ मार्च, शनिवार

सकाळी सहाला खुर्ची सरकल्याचा आवाज. डोळे उघडले तर बाई दारात, हातात शिवणाची मोठी कात्री. मी भिंतीकडे सरकले. त्या माझ्याकडे न बघता यंत्रापाशी गेल्या, झाकण काढलं आणि कापड बेतायला बसल्या.

"उजेड या वेळी इथेच येतो," म्हणाल्या. "तू झोप."

झोप! तासभर भिंतीला पाठ लावून त्यांच्या हाताकडे बघत बसले. त्यांनी एक छोटंसं झबलं कापलं. मग कात्री घेऊन गेल्या.

वहीत लिहिलं : पहाटे कात्री घेऊन खोलीत आल्या. यात एक अक्षर खोटं नाही. तरी लिहून झाल्यावर उठून हात धुतले.

२९ मार्च, रविवार

बाईंच्या कपाटाला नवीन कुलूप. पितळी, मोठं. मी बघतेय हे त्यांनी बघितलं. मग एकदम विचारलं, "तुझ्या बहिणीला पैशाची नड आहे का गं?"

मला कळेना. "का हो?"

"सहज."

आमच्या घरचं यांना कोण सांगणार? बाळाचं मी सांगितलं होतं, पण पैशाचं तर फक्त दादांशी बोलले होते. बहुतेक माझे फोन ऐकतात. दाराला कान लावून बसत असतील. दिवसभर घरात कुणी तरी माझ्यावर पाळत ठेवून आहे असं वाटत राहतं. आणि मजा म्हणजे पाळत ठेवायचं काम माझं आहे.

सोडून जावं? कुठे? त्या जिन्यातल्या रांगेत?

३ एप्रिल, शुक्रवार

पुन्हा गॅस. तसंच, थोडंसं बटण. बाई यावेळी शेगडीकडे बघत उभ्या राहिल्या. बटण पुन्हा पुन्हा चाचपून बघितलं. मला पहिल्यांदाच वाटलं की ही बाई घाबरलीय. "मी बंद केला होता गं," एवढंच पुटपुटल्या, आणि 'गं' मला नव्हता, स्वतःलाच होता.

वहीत लिहिलं. सफरचंदं या वेळी जरा पिठूळ होती.

१० एप्रिल, शुक्रवार

डोकं अजून गरगरतंय, अक्षर वेडंवाकडं येईल. काल मी मेले असते.

अंगात ताप होता म्हणून सुट्टी घेतली. अकराच्या सुमाराला बाई बँकेत गेल्या. जाताना दारातून म्हणाल्या, "पेज झाकून ठेवलीय, गरम करू नकोस, तशीच घे." मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. किती वेळ गेला माहीत नाही, बाहेर किल्ली फिरली, पावलं स्वयंपाकघरात गेली आणि परत आली, दार लागलं. वाटलं दादा असतील, फळं ठेवायला आले. हाक मारायचंही त्राण नव्हतं. पुन्हा डोळा लागला.

मग आठवतं ते असं की कुणी तरी मला दोन्ही काखांत धरून ओढतंय. बाई. ही एवढीशी म्हातारी, चढलेला श्वास, मला फरफटत जिन्यात आणून तिने पायरीवर बसवलं आणि पदराने वारा घालत बसली. मला भडभडून उलटी झाली. त्या म्हणत होत्या, "दार उघडलं तर शेगडीचा सूं आवाज. आवाज ऐकू आला म्हणून बरं, मुली." परत आत गेल्या, खिडक्या उघडल्या, बाहेर आल्या. माझं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं.

म्हणजे निघण्याआधी पेज केली आणि बंद करायला विसरल्या. दुसरं काय? त्यांनीच मारलं असतं आणि त्यांनीच वाचवलं.

वहीत मोठी नोंद केली. दादांना कळवलंही. ते म्हणाले, "बघ, मी सांगत होतो." मी घरात होते हे ऐकून मात्र त्यांचा आवाज बदलला. मग म्हणाले, "तू कामावर नव्हतीस?"

१४ एप्रिल, मंगळवार

ताईला मुलगी झाली! फोनवर रडण्याचा आवाज ऐकवला. बाईंना सांगितलं तर आत जाऊन झबलं घेऊन आल्या. "सैलच ठेवलंय. मुलं भराभर वाढतात." मी ते उशाशी ठेवलं.

संध्याकाळी दादांनी खाली बोलावलं. शनिवारी डॉक्टर घरी येणार, काकूची तपासणी. त्यांचा कागद झाला की काकूला वृद्धाश्रमात नेणार. मला वही स्वच्छ अक्षरात उतरवून द्यायचीय आणि डॉक्टरांसमोर 'हो' म्हणायचंय. "ती गेली की घर रिकामंच. तू राहा. पुढची मोठी खोली घे, भाडं तेच."

मोठी खोली. तिला दोन खिडक्या आहेत आणि आतून कडी आहे. मी जिना चढताना कपाट कुठे ठेवायचं ते ठरवून टाकलं. लिहायला लाज वाटते, पण ठरवलं.

१६ एप्रिल, गुरुवार

वही उतरवत बसले. एका नोंदीची तारीख पुसट झाली होती म्हणून ही डायरी काढली, ताडून बघायला. पाच मार्च : गॅस. सफरचंदं. तीन एप्रिल : गॅस. सफरचंदं. नऊ एप्रिल : किल्ली, पावलं.

तीनदा वाचलं. मग उठून स्वयंपाकघरात गेले. त्या दिवशीची पेज आठवत होते. झाकलेल्या वाटीत होती. मी जिन्यातून परत आल्यावर ती ओतून टाकली होती, बाराच्या सुमाराला. गार होती. पार गार. तिच्यावर साय धरली होती. म्हणजे बाईंनी ती सकाळीच केलेली. आणि पेज झाल्यानंतर त्यांनी आंघोळ केली, पूर्ण पेपर वाचला, मग बँकेत गेल्या. मी जागी होते तेव्हा. वास नव्हता.

योगायोग असेल. माणूस स्वतःच्या काकूच्या घरात… नाही. सफरचंदं आणणारा माणूस. योगायोगच.

ताईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. बाळ रडत होतं. म्हणाली, "हे बघ, तू त्यांच्या घरच्या भानगडीत पडू नकोस. डोक्यावर छप्पर आहे ना? इथे आता खरंच जागा नाही गं." मग तीच रडायला लागली.

१७ एप्रिल, शुक्रवार

'हो' म्हणायचं. एकच अक्षर. दिवसभर घोकलं. चार दाढा चुकवल्या, भट्टीवाल्याने बिनबोभाट दुरुस्त करून दिल्या.

१८ एप्रिल, शनिवार

डॉक्टर स्त्री होत्या, करड्या केसांच्या, घाई नसलेल्या. त्यांनी बाईंना तारीख, वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावलं. बाई म्हणाल्या, "ब्लाउजच्या मापांत आयुष्य गेलं माझं, उलटं मोजून दाखवू का सुलटं?" डॉक्टर हसल्या. पुतण्या पण हसला, आणि वही पुढे केली.

"ही मुलगी इथे राहते. तिने डोळ्यांनी बघितलेलं आहे सगळं."

डॉक्टरांनी वाचायला सुरुवात केली. मोठ्याने. मला वाटलं होतं मनात वाचतील. "न विचारता खोलीत शिरल्या, सामान हाताळलं. पहाटे कात्री घेऊन खोलीत आल्या." माझं अक्षर, माझे शब्द. बाई सुरुवातीला डॉक्टरांकडे बघत होत्या. मग माझ्याकडे बघायला लागल्या. रागाने नाही. एखादी विद्यार्थिनी परीक्षेत कॉपी करताना सापडावी आणि ती आपली आवडती निघावी, तसं.

"नऊ एप्रिल," डॉक्टर वाचत होत्या. "बाईंनी गॅस चालू ठेवला व बाहेर गेल्या." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हे तू बघितलंस?"

पुतण्या माझ्या मागे उभा होता. त्याच्या हातातल्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं, शपथेवर सांगते, 'हो'च म्हणणार होते.

"नाही," मी म्हटलं. "गॅस चालू होता ते बघितलं. बाईंनी ठेवला ते नाही बघितलं. कधीच नाही बघितलं."

"मग लिहिलंस का?"

"खोली हवी होती."

मी बोलत राहिले. "त्या दिवशी त्या गेल्यानंतर कुणी तरी किल्लीने दार उघडून स्वयंपाकघरात गेलं आणि परत गेलं. मी तापात होते, घरातच होते. आणि प्रत्येक वेळी गॅस सापडला त्या दिवशी हे येऊन गेलेले होते. माझ्याकडे तारखा आहेत."

पुतण्या हसला. "पोरगी बहकलीय. भाडं वाढवणार म्हटलं म्हणून."

डॉक्टरांनी वही मिटली. पुतण्याला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबता का?" तो थांबला नाही, निघूनच गेला. माझ्या शेजारून जाताना इतक्या हळू म्हणाला की फक्त मलाच ऐकू आलं : "रस्त्यावर आणतो तुला."

१९ एप्रिल, रविवार

सकाळीच कुलूपवाला आला. बाईंनीच फोन केला होता. बाहेरच्या दाराचं कुलूप बदललं, आतून दोन जाड कड्या बसवल्या. तो माझ्या खोलीकडे बघून म्हणाला, इथे पण बसवू का. बाई म्हणाल्या, "बसव." मला वाटलं, माफ केलं.

तो गेल्यावर त्यांनी मला समोर बसवलं.

"काल खरं बोललीस. त्याला हिंमत लागते, मला कळतं. डॉक्टर पोलिसांत कळवायचं म्हणताहेत, मी हो म्हटलंय."

मी मान हलवली.

"त्याने मला सांगितलं होतं, तुझा हात चोरटा आहे म्हणून. मी कुलूप लावलं कपाटाला. तेव्हा मीही काही फार शहाणी नाही." थोडं थांबल्या. "पण मी त्याचं ऐकून एक कुलूप लावलं. तू त्याचं ऐकून दीड महिना लिहीत होतीस. त्यात मी तुला जिन्यात ओढत आणलं तो दिवसही होता. त्याचीही नोंद केलीस."

मी कडी बसवताना सांडलेला लाकडाचा भुसा बोटाने गोळा करत राहिले.

"आधीची मुलगी तीन महिन्यांत गेली. मला वाटायचं माझ्या स्वभावामुळे. आता वाटतं, तिला वही दिली असेल आणि ती नाही म्हणाली असेल." उठल्या. "महिनाअखेरपर्यंत राहा. त्यानंतर नको. मला या घरात निवांत झोपायचंय."

२२ एप्रिल, बुधवार

सकाळी सात. दारात किल्ली फिरली. फिरली नाही, अडली. पुन्हा अडली. मग दारावर मूठ.

"काकू! उघड! कुलूप कुणाला विचारून बदललंस?"

मी माझ्या खोलीतून बाहेर आले, बाई त्यांच्या. पॅसेजमध्ये आम्ही दोघी. रविवारपासून एक शब्द बोललो नव्हतो. दार हादरत होतं. वरच्या कडीचा एक स्क्रू हलताना दिसत होता मला, खरंच हलत होता की मला भास होत होता, माहीत नाही.

"त्या पोरीला बाहेर काढ आधी! तिच्यामुळे झालंय सगळं! मला माहितीये ती कुठे काम करते!"

बाईंनी माझं मनगट पकडलं. मला वाटलं त्या आता दार उघडतील. त्यांनी मोठ्याने, वर्गात बोलल्यासारखं म्हटलं, "पोलिसांना फोन लावलाय. थांबणार असशील तर थांब." फोन लावलेला नव्हता. फोन माझ्या हातात होता आणि मला आकडे सुचत नव्हते.

पलीकडे शांतता. मग दाराला एक लाथ. मग पावलं, उतरणारी.

आम्ही बराच वेळ तशाच उभ्या. मी मनात म्हटलं, आता म्हणतील, राहा. आता म्हणतीलच.

त्यांनी मनगट सोडलं. त्यावर चार बोटांचे पांढरे ठसे होते. "तीस तारखेला गुरुवार आहे," म्हणाल्या. "सामान सकाळीच काढ. दुपारी जिन्यात ऊन येतं."

२६ एप्रिल, रविवार

पाच बघितल्या. एकीत सहा पलंग, सहाही भरलेले. सहाव्यावरची मुलगी मेअखेरीला जाणार. तो पलंग मी धरून ठेवायला सांगितला. मधले दिवस कसे काढायचे ते कळत नाही. लॅबच्या मालकांनी प्लॅस्टरच्या गोण्यांच्या खोलीत बॅगा ठेवू दिल्या. माणूस ठेवू देतील का, ते अजून विचारलेलं नाही.

रस्त्याने चालताना मागे बघते. इस्त्रीचा शर्ट दिसला की बाजूच्या दुकानात शिरते. काल एका दुकानात शिरले आणि काय हवं विचारल्यावर सुचेना, खिळे मागितले. पाव किलो खिळे. भिंत नाही ठोकायला.

३० एप्रिल, गुरुवार

लॅबमध्ये बसून लिहितेय. अजून कुणी आलेलं नाही, भट्टी थंड आहे.

पहाटेच उठले. गादी गुंडाळली, खोली झाडली. शिवणयंत्रावरची धूळही पुसली. बाई दारात उभ्या होत्या, हात पुढे करून. मी किल्ली दिली.

"कुठे जाणार?"

"लॅबमध्ये. मग बघते."

त्यांचा चेहरा क्षणभर हलला. मला ते स्पष्ट दिसलं. एक शब्द बोलल्या असत्या तर मी तिथेच पायरीवर बसून रडले असते आणि मग त्यांना मला ठेवून घ्यावंच लागलं असतं. हे त्यांनाही कळत होतं. म्हणून बोलल्या नाहीत.

मी म्हटलं, "बाई, मला माफ करा."

"जपून उतर," म्हणाल्या, आणि दार लोटलं.

मी बॅग उचलली, पण निघाले नाही. दाराकडे बघत उभी राहिले. आतून वरची कडी लागल्याचा आवाज आला. पुढे काहीच नाही. त्या विसरल्या की काय? खाली तो कुठे उभा असला तर? हात वर केला, दार वाजवायला, सांगायला. तेवढ्यात खालची कडीही लागली, खाडकन.

मग मी जिना उतरले.